क्लच बदलला, सोबत थोडं डोकंही

कात्रजच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला. आरपीएम वर गेला, गाडी आहे तिथेच. मागून जळका वास. क्लच स्लिप!

जुनी डिझेल ऑक्टाव्हिया. मूळ टॉर्क 210 न्यूटन मीटर, रीमॅप करून मी तो 280 च्या आसपास नेलेला. कंपनीच्या क्लचला तो झेपणार कसा?

गॅरेजवाला म्हणाला, "सिरॅमिक टाका साहेब, स्लिपचं नावच नको." खरंय. पण सिरॅमिक प्लेट हाफ क्लचवर हळूहळू पकडत नाही, एकदम झटका देते. स्वारगेटच्या गर्दीत समोर दुचाकीवर कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतं. तो झटका कुणाला बसणार?

शेवटी ऑरगॅनिक प्लेट घेतली, जरा दणकट प्रेशर प्लेटसोबत. गिअरबॉक्स उतरलाच होता, रिलीज बेअरिंगही बदललं. आणि रीमॅप क्लचला झेपेल इतका खाली आणला.

मित्रांनो, खड्डे, ट्रॅफिक, आरटीओ यांच्या नावाने आपण रोज पोस्ट टाकतो. टाकायलाच हव्यात. पण कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी, हे तर आपणच करतो ना? विमा कंपनीला रीमॅप मीही सांगितला नव्हता. काल कळवला.

तुम्ही कळवलाय?