थायलंडला श्रामणेर म्हणून जाताना

आमच्या सोलापूरच्या बुधवार पेठेतली मुलं अलीकडे थायलंडला श्रामणेर प्रशिक्षणाला जायचं म्हणतात. त्यांचे आईवडील मला घरी बोलावून विचारतात. प्रत्येकाकडे थोडं थोडं सांगितलं जातं आणि नेमकं कामाचं राहून जातं. म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाचं काम बघायचो. भारतीय बौद्ध महासभेचं दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर केलं होतं, पुढे बौद्धाचार्य झालो. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन असे विधी लावायचो. विधी आटोपून चहा होईपर्यंत लोक जवळ बसायचे आणि विचारायचे. ध्यानाला बसलं की झोप येते, काय करू? मुलगा दारू सोडत नाही, त्याच्याशी कसं बोलू? मला सुत्तं पाठ होती, पण या प्रश्नांना उत्तरं नव्हती. बँकॉकपासून थोडं लांब एका विहारात धम्मदूतांचं प्रशिक्षण चालतं, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, परदेशी मुलांनाही घेतात, हे एका भन्तेंकडून कळलं. राहणं-जेवण विहाराकडे, विमानाचं तिकीट आपलं. मालकांनी बिनपगारी रजा दिली.

वडील लगेच हो म्हणाले. आई काही केल्या सही करेना. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने बुद्धांकडे मागणं केलं, तेव्हापासून आईबापांच्या परवानगीशिवाय प्रव्रज्या देत नाहीत. विहाराच्या अर्जातही तो कागद होता. आईला कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे गेलेला पोरगा परत येत नाही. मी समजावून काही उपयोग झाला नाही. शेवटी ते भन्ते घरी आले. थायलंडमध्ये घरोघरचे तरुण एखादा वर्षावास चीवर घालतात, मग परत नोकरीला लागतात, लग्नं करतात, चीवर उतरवण्यात तिथं कमीपणा नाही, असं त्यांनी आईला नीट सांगितलं. आईने सही केली, पण अट घातली. "सहा डिसेंबरला मला चैत्यभूमीला तूच न्यायचं." मुलाच्या तोंडून घरच्यांना हे पटत नाही. कुणीतरी जाणतं माणूस घरी आणा.

मुंबईच्या एका एजंटाने टूरिस्ट व्हिसा काढून दिला. तिकडे गेल्यावर वाढवून मिळतो, म्हणाला. विहाराचं पत्र अजून आलेलं नव्हतं आणि आषाढ पौर्णिमा जवळ आली होती, तिच्या दुसऱ्याच दिवशी वर्षावास सुरू होतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून विमान. व्हिसाचं पुढं काय झालं ते नंतर सांगतो.

पोचल्यावर काही दिवस पांढऱ्या कपड्यात ठेवतात. तेवढ्यात प्रव्रज्येची पाली वाक्यं पाठ करायची. ती मला सोलापूरपासून येत होती, तरी अडलो. थाई लोकांचे पाली उच्चार वेगळे आहेत. ब आणि द मोकळे येत नाहीत, फ आणि थ यांच्याकडे झुकतात. सगळे एका सुरात म्हणायला लागले की आपण कुठल्या ओळीवर आहोत तेच कळत नाही. मी वहीत देवनागरीत त्यांचा उच्चार आणि खाली आपला पाठ अशा जोडओळी लिहिल्या. ती वही शेवटपर्यंत उपयोगी पडली.

मुंडनाच्या वेळी पहिली बट घरची माणसं कापतात. थाई मुलांचे आईवडील, मावश्या, शेजारी असे सगळे आले होते. माझं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातल्या एक वयस्क मावशी पुढे आल्या, कमळाच्या पानावर माझे केस धरले आणि कात्री चालवली. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची नाही. मला रडू आलं, ते आवरता आलं नाही. थायलंडमध्ये भुवयाही काढतात. याला मनाची तयारी होते, डोळ्यांची होत नाही. तिथं हवा दमट, सोलापूरसारखी कोरडी नाही. घाम कपाळावरून सरळ डोळ्यांत उतरतो. पहिले काही दिवस पाठाच्या वेळी माझे डोळे चुरचुरत असायचे. छोटा रुमाल कायम जवळ ठेवा. व्हिडिओ कॉलवर आई माझ्याकडे बघतच राहिली. "भुवया कुठं गेल्या रे?" म्हणाली आणि फोन वडिलांकडे दिला. तिला आधी सांगून ठेवायला हवं, हे कुणी मला सुचवलं नव्हतं. तुम्ही सांगून ठेवा.

दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होतो. साडेचारला वंदना आणि ध्यान. उजाडलं की पिंडपात, म्हणजे भिक्षेची फेरी. परतल्यावर न्याहारी, झाडलोट, वर्ग. अकराला मुख्य जेवण, ते बाराच्या आत संपवायचं. दुपारी पुन्हा वर्ग. चारला अंगण झाडायचं. तिथल्या झाडांची पानं बारमाही गळतात, त्यामुळे झाडू हातातून सुटत नाही. संध्याकाळी वंदना, थोडा अभ्यास, दहाला दिवे बंद.

सगळ्यांत अवघड गेलं ते चीवर. गावात जाताना दोन्ही खांदे झाकायचे असतात. त्यासाठी चीवराचे दोन्ही काठ एकत्र धरून हात डोक्यावर न्यायचे आणि घट्ट गुंडाळी करत आणायची. ती गुंडाळी डाव्या खांद्यावरून मागे टाकून काखेत दाबायची. पिन नाही, गाठ नाही. गुंडाळी सैल झाली तर चार पावलांत सगळं खाली. त्यात हातात भिक्षापात्र. माझ्या मागे चालणारा त्रिपुराचा चकमा मुलगा माझं चीवर मागून धरून चालायचा. रोज रात्री खोलीत आरशाशिवाय सराव केला. आरसा असला की हात त्याच्याकडे बघून चालतात आणि पहाटे अंधारात चुकतात. चीवर बसायला लागलं तेव्हा कुठे पिंडपाताला जाताना छातीतली धडधड थांबली.

पिंडपात अनवाणी. ज्येष्ठतेनुसार एका ओळीत, नजर खाली. लोक दारासमोर गुडघ्यावर बसलेले असतात. भात, भाजी, रस्सा असं रबर लावलेल्या छोट्या पिशव्यांत, सोबत पाण्याची बाटली, कधी कमळाची कळी. धन्यवाद म्हणायचं नाही, आशीर्वादाची गाथा म्हणायची आणि पुढे जायचं. एक आजी चाकाच्या खुर्चीत बसून रोज फक्त भात वाढायची. पाऊस असला तर तिची नात छत्री धरायची. आपल्याकडे भन्ते गावात आले की त्यांच्या जेवणाची सोय कुणी करायची यावर चर्चा होते. तिथं एका गल्लीच्या मूठ मूठ भातावर अख्खा विहार चालतो. धम्मदूत घडवायचा तर आधी अशी गल्ली घडवायला लागेल, असं मला तिथं वाटलं आणि आजही वाटतं.

पावसात रस्त्यावरची तार माझ्या टाचेत घुसली. दिसायला लहान जखम होती. दोन दिवसांत पाय सुजला, ताप आला. बँकॉकमध्ये भिक्खूंसाठी वेगळं सरकारी रुग्णालय आहे, तिथं नेलं. जखम उघडून साफ करावी लागली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलो नव्हतो, ते तिथं दिलं. भारतातच घेऊन जा. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी अंगणात अनवाणी चालायची सवय करा. आपल्याला वहाणेशिवाय चालणं सोपं वाटतं, पण ते घरातलं. ओल्या डांबरावर, खडीवर तळवा सोलतो.

दहा शीलांत विकालभोजन, म्हणजे दुपारनंतरचं जेवण, वर्ज्य आहे, हे शिबिरात पाळलं होतं. दहा दिवस निघून जातात. महिन्यानंतर मला रात्री पित्त व्हायला लागलं. एका आचार्यांनी विनयातली पाच भैषज्यं दाखवली. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-साखर ही औषध म्हणून दुपारनंतरही चालतात, सात दिवसांपर्यंत ठेवता येतात. गाळलेला फळांचा रसही चालतो. मी संध्याकाळी कोमट पाण्यात गूळ घ्यायला लागलो आणि त्रास बराच कमी झाला. गुळाची ढेप आईने दिली होती. चहात टाकायला लागेल म्हणून.

शेंगा चटणी आणि कडक भाकरीही दिली होती. चटणी मी स्वयंपाकघरात दिली. मावश्या रोज न्याहारीला वाटीत काढून भन्तेंना रीतसर दान करायच्या, मग ती सगळ्यांपुढे फिरायची. आपली पिशवी आपल्या खोलीत ठेवून एकट्याने खायची तिथं पद्धत नाही. सुरुवातीला जरा जड गेलं, घरची चव होती ती. पण बांगलादेश, नेपाळ, कंबोडिया, लाओस अशा सगळीकडची मुलं चिकट भाताला आमची चटणी लावून खाताना बघितली आणि बरं वाटलं. तिथं प्रत्येक पदार्थात मासळीचं पाणी असतं. शाकाहारी मुलांनी आधी कळवावं. ताटात आलेलं निवडत बसता येत नाही.

वर्गात विनय, पाली, थोडी थाई, ध्यान शिकवण्याची पद्धत आणि धम्मदेसना. 'नवकोवाद' हे नवख्या भिक्खूंचं छोटं पुस्तक रोज असायचं. दर आठवड्याला दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं. मी पहिल्यांदा १४ ऑक्टोबर १९५६ वर बोललो. कुशीनगरच्या चंद्रमणी महाथेरांनी बाबासाहेबांना नागपुरात दीक्षा दिली आणि बाबासाहेबांनी पुढे लाखोंना, हे ऐकून बरीच मुलं चकित झाली. त्यांना बोधगया माहीत होती, सारनाथ माहीत होतं. नागपूर माहीत नव्हतं. चकमा मुलगा तेवढा मान डोलवत होता. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी लिहिलं होतं की भिक्खूंनी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून लोकसेवा शिकावी. ते मी सांगितलं तेव्हा आमचे आचार्य म्हणाले, उद्यापासून तू रुग्णालयात जाणाऱ्या गटात. आजाऱ्याच्या खाटेशी बसून काय बोलायचं आणि केव्हा गप्प राहायचं, हे मी त्या गटात शिकलो. मी ज्यासाठी गेलो होतो ते मला तिथं मिळालं.

आता व्हिसा. टूरिस्ट व्हिसावर तीस दिवसांची मुदतवाढ मिळते. ती घेऊनही वर्षावास संपायच्या आत मुदत संपत होती. शिकायला राहायचं तर त्याचा वेगळा व्हिसा लागतो, तो मला देशाबाहेरच्या थाई वकिलातीतून घ्यायला सांगितलं. म्हणजे लाओसला, व्हिएन्टिआनला जाणं आलं. वर्षावासात विहाराबाहेर रात्र काढता येत नाही. खरंच निकडीचं काम असेल तर सात दिवसांच्या आत परतायच्या बोलीवर जाता येतं. विहाराधिपतींनी तशी परवानगी दिली. मी पैशाला हात लावू शकत नव्हतो, म्हणून एक उपासक कप्पियकारक म्हणून सोबत आला. तिकिटं, फी, रिक्षा सगळं त्यानेच दिलं. त्याने कामावरून सुट्टी घेतली होती. रात्रभर नोंग खाईच्या रेल्वेत तो माझ्यासमोर बसून होता आणि मला त्याच्याकडे बघायला संकोच वाटत होता. मेकाँगवरच्या पुलापलीकडे गेलो, एका लाओ विहारात उतरलो. वकिलातीतल्या माणसाने पासपोर्टचा फोटो आणि मी असं तीन-तीनदा बघितलं. फोटोत केस, मिशी, भुवया. समोर काहीच नाही. प्रव्रज्येचा दाखला आणि विहाराचं फोटो लावलेलं पत्र होतं म्हणून निभावलं. आज अर्ज, दुसऱ्या दिवशी व्हिसा, सात दिवसांच्या आत परत.

पुढे सलग ९० दिवस झाले की इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, तेही विहाराचं कार्यालय करून देतं. तारीख मात्र आपण लक्षात ठेवायची. त्यांच्याकडे मुलं पुष्कळ असतात.

वर्षावासानंतरचं कठिन चीवरदान झाल्यावर मी रीतसर चीवर उतरवलं. आचार्यांनी राहायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. नोव्हेंबरअखेर घरी आलो. गल्लीतले लोक पाया पडायला लागले, भन्ते म्हणायला लागले. मी आता भन्ते नाही, पूर्वीसारखाच आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. काहींना ते आवडलं नाही. टिकला नाही, असं एक-दोघं बोलले, ते आईच्या कानावर गेलं. तिनेच त्यांना भन्तेंनी सांगितलेलं सगळं ऐकवलं. सहा डिसेंबरला तिला चैत्यभूमीला घेऊन गेलो, बिनभुवयांचाच. त्या उगवायला वेळ लागतो.

आता रविवारी विहारात ध्यानाला बसतो, वीसेक जण येतात. महिन्यातून एकदा चार मुलांना घेऊन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जातो. ज्यांच्याजवळ कुणी नाही त्यांच्यापाशी बसतो.

ज्या मुलांना जायचंय त्यांचे कागद मी बघून देतो. पासपोर्ट, आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र, विहाराचं मूळ पत्र, आणि मुंबईच्या थाई वकिलातीतून शिक्षणाचाच व्हिसा. सध्या दोघांचे कागद चालू आहेत. एकाचं विहाराचं पत्र आलंय, दुसऱ्याचं यायचंय. पत्र हातात पडेपर्यंत तिकीट काढायचं नाही, एवढं दोन्ही घरी सांगून आलोय.