निरगाठ आणि सुरगाठ

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे म्हणे लोक मालवाहू गाडीच्या पाठीवर अख्खी खोली चढवतात, पलंग, शेगडी नि न्हाणीसकट, आणि हिंडायला निघतात. परवा फोनवर तो कुरकुरत होता, "मामा, खोली बांधायची एक साखळीच निसटली!"

"कडी पाहिलीस का?" मी विचारलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मामाला कड्यांतलं काही कळतं, ही त्याला बातमीच होती. मलाही ते फुकट कळलेलं नाही.

१९८६ साली माझी पवनीहून तुमसरला बदली झाली. ट्रक ठरवला आणि सामान बांधायला मी नायलॉनचा नवा कोरा दोर आणला. "हत्ती बांधा, तुटणार नाही," दुकानदार म्हणाला. आमच्या आळीत हत्ती नसल्यामुळे खात्री करून घेता आली नाही. मी आपला सामानावर दोर टाकून गाठीवर गाठ, गाठीवर गाठ अशा निरगाठी मारत सुटलो.

शेजारचे आजोबा काठीवर हनुवटी टेकून पाहत होते. बंडीवर तणस बांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. म्हणाले, "साहेब, दोर तर लय पायला. कडी पायली का?"

"आजोबा, कडी लोखंडाची आहे!" मी हसलो.

तेही हसले. त्यांचं हसणं वेगळं होतं, हे मला अड्याळजवळ कळलं.

तिथे गुरांचा कळप आडवा आला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबते, पण सामानाला ती बातमी उशिरा पोचते. कपाट पुढे धावलं, दोराला हिसका बसला आणि 'खाड्' आवाज झाला. गाडी पुन्हा निघाली तसं कपाट मागे आलं नि फाळक्यावर रेललं. क्लीनर ट्रकवर थापा मारायला लागला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "आरसा!"

उतरून पाहतो तो मागे, दहा हातांवर, एक सायकलवाला पाय टेकून उभा. कॅरियरवर सहा-सात वर्षांची मुलगी, बापाचा सदरा मुठीत धरून. "कपाट पडून रायलं होतं, साहेब," एवढंच बोलून तो बाजूने निघून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

दोर शाबूत होता. गाठीही शाबूत होत्या. ट्रकला जोडलेली कडीच सांध्यातून निघाली होती. वर रंग ताजा, आत नुसता गंज! गावातल्या वेल्डिंगवाल्याने आधी रंग नि गंज खरवडून लोखंड उघडं केलं. गंजावर सांधा धरत नाही म्हणे. नवी कडी त्याने पत्र्याला न जोडता खालच्या जाड पट्टीला जोडली.

मग ड्रायव्हरने मला बाजूला केलं. कपाटाच्या कोपऱ्यांवर पोती टाकली, म्हणजे दोर कापला जात नाही. दोरातच मध्ये एक फास केला, टोक खाली कडीतून फिरवून त्या फासातून ओवलं आणि ओढलं. हिशेबाने ओढ तिप्पट होते. घर्षणात त्यातली बरीच गळते, तरी उरते ती पुष्कळ. शेवटी साधी सुरगाठ. पाच-सहा किलोमीटरवर थांबून त्याने दोर पुन्हा आवळला, कारण नायलॉन ताणतं. मोहाडीलाही उतरून पाहिलं. सौ. सबंध वाटभर लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसली होती. "मी हिला बांधलीच नाही, धरलीय," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तुमसरला ड्रायव्हरची गाठ एका हिसक्यात सुटली. माझ्या निरगाठी कापायला नव्या शेजाऱ्यांकडे विळा मागावा लागला. ओळख अशी झाली.

हे सगळं भाच्याला सांगितलं.

"मग आता काय करू, मामा?"

"कडी पत्र्याला आहे की खालच्या सांगाड्याला, ते बघ. गंज खरवड. थोडं अंतर गेलास की थांबून पुन्हा आवळ. आणि सगळं झालं की गाडीच्या मागे, दहा हातांवर जाऊन उभा राहा."

"ते कशाला?"

"तिथून आपलं सामान फार मोठं दिसतं."