दुसरा हात

पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांवरची गाडी आमच्या पहूरला थांबायची. गावात सगळे तिला पीजे म्हणत. तिचं तिकीट म्हणजे बोटभर लांबीचा जाड पुठ्ठा. तपासनीस चिमट्यानं त्याला भोक पाडून तो परत द्यायचा. हर्मन होलेरिथ या अमेरिकन अभियंत्याला आपल्या मोजणीच्या यंत्राची कल्पना अशाच एका तिकिटावरून सुचली, हे मी फार उशिरा वाचलं. तिकडे एकाचं तिकीट दुसऱ्यानं वापरू नये म्हणून तपासनीस प्रवाशाचं वर्णनच भोकांनी नोंदवायचा: केस फिकट, डोळे काळे, नाक मोठं. होलेरिथनं तीच रीत अख्ख्या देशाला लावली. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेची आकडेमोड कित्येक वर्षं रेंगाळली होती. १८९० साली सव्वासहा कोटींहून जास्त माणसं कार्डांवर आली. कार्डावर सुया दाबल्या जायच्या, भोक असेल तिथली सुई खालच्या पाऱ्यात टेकायची, वीज वाहायची आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकायचा. त्याची कंपनी पुढे इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ साली तिचं नाव आयबीएम झालं.

माझ्या हातात पहिलं कार्ड आलं ते मामांमुळे. ते मुंबईला रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. दिवाळीला येताना ते रद्द झालेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन येत. फिकट पिवळसर, एक कोपरा तिरका कापलेला, कडक आणि गुळगुळीत. आई त्यांच्यावर किराणा लिही, वडील कापसाच्या गाडीचं वजन मांडत. मला त्या भोकांचं कुतूहल. मामांनी एकदा ओट्यावर बसून कार्डं क्रमानं लावणारं यंत्र, सॉर्टर, कसं चालतं ते समजावलं. यंत्र एका वेळी एकच कॉलम बघतं आणि त्या अंकाच्या खणात कार्ड टाकतं. म्हणून पाच आकडी नंबर क्रमानं लावायचे तर आधी एककावर गठ्ठा फिरवायचा, मग दशकावर, असं करत शेवटी दशसहस्रावर. मला वाटलं, मामांचं काहीतरी चुकतंय. मोठा अंक आधी बघायला नको का? मग कार्डांच्या कोऱ्या पाठीवर नंबर लिहून मी ओटाभर ढीग मांडले आणि त्यांनी सांगितलं तसंच उचलत गेले. पाचव्या फेरीला सगळी कार्डं ओळीनं लागली. गणितानं तेव्हा दिलेला आनंद शाळेतल्या कुठल्याच पुस्तकानं मला दिला नव्हता.

सत्तरच्या दशकात मीही मुंबईला गेले आणि फोर्टातल्या एका कार्यालयात पंच ऑपरेटर झाले. लांबट खोली, ओळीनं मांडलेली यंत्रं आणि त्यांच्यापुढे बहुतेक मुलीच. कार्डावर ऐंशी कॉलम, प्रत्येकात भोकाच्या बारा जागा. अंकाला एक भोक, अक्षराला दोन. मराठी अक्षरांची सोयच नव्हती, सगळं रोमन. माझं पहूर पाच कॉलमांत, दहा भोकांत मावायचं. पाडलेले तुकडे यंत्राखालच्या पेटीत साठत. ते इतके टोकदार असत की केसांत अडकले तर घरी जाईपर्यंत निघत नसत.

पण मला सांगायचंय ते व्हेरिफायरबद्दल. मी एक गठ्ठा पंच केला की तोच मूळ कागद आणि तीच कार्डं दुसऱ्या मुलीकडे जात. ती सगळं पहिल्यापासून पुन्हा टाइप करी. तिचं यंत्र भोक पाडत नसे. पडलेलं भोक तिनं दाबलेल्या कळीशी जुळतं का, एवढंच ते ताडून बघे. जुळलं नाही की कळा अडत. पुन्हा प्रयत्न करूनही जुळलं नाही तर त्या कॉलमच्या वर, कार्डाच्या कडेला खाच पडे. सगळं जुळलं तर उजव्या कडेला एक खाच. असा गठ्ठा नीट ठोकून धरला की उजवीकडे सलग पन्हळ दिसे. ती मधे कुठे तुटली असेल, तर तिथलं कार्ड तपासायचं राहिलंय किंवा चुकलंय. तिनं माझी चूक पकडली म्हणून मला कधी राग आला नाही. कागदावर कुणाचा पगार असे, कुणाचा हप्ता असे. तो माणूस आम्हाला कधीच दिसणार नव्हता, तरी त्याच्या आकड्यावर आम्ही दोघी दोनदा राबत होतो.

भारतातल्या संगणकाच्या इतिहासात १९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीकडे बसलेलं आयबीएम १४०१ येतं, १९६४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेलं सीडीसी ३६०० येतं. यायलाच हवं. पण त्या यंत्रांच्या तोंडी जाणारी कार्डं कुणीतरी बसून पाडली होती आणि त्या मुलींचं नाव कुठेही नाही, याचं मला दुःख आहे. यंत्रांमुळे नोकऱ्या जातील ही भीती तेव्हा खरीच होती. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक येऊ नये म्हणून पहारे दिले, आणि सरकारनं नेमलेल्या समितीनं, पुण्याच्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली, १९७२ साली या प्रश्नावर अहवाल दिला. कामगारांच्या त्या भीतीला हसणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. मात्र त्याच यंत्रांनी खेड्यातून आलेल्या माझ्यासारखीला पहिला पगारही दिला. १९७८ साली आयबीएमनं भारत सोडला. पुढच्या काही वर्षांत कार्डं गेली, पडदे आले.

नंतर एकदा पैठणी घ्यायला येवल्याला गेले, तर मागावर दोऱ्यानं ओवलेल्या भोकांच्या पट्ट्यांची माळ फिरत होती. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. जकार या फ्रेंच माणसाची ही युक्ती १८०४ सालची, होलेरिथच्या खूप आधीची. विणकराच्या शेजारी उभी राहून मी बराच वेळ पट्ट्या वाचत होते.

आता पहूरला असते. गावातल्या किती जणांच्या कागदपत्रांत आडनाव एक आणि जन्मसाल भलतंच असतं, आणि ते दुरुस्त करायला म्हाताऱ्या माणसांना मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागतात. आकडा भरायला आज क्षणही लागत नाही. दुसरी खेप मात्र कुणी घालत नाही. खर्च वाचला म्हणतात, तो या माणसांच्या माथी बसतो. आमच्या बचत गटाचा हिशेब शेजारची सून मोबाइलमध्ये भरते. मी सुचवलं म्हणून दर महिन्याला तिची जाऊ पावत्या घेऊन, पहिलीचं न बघता, तोच हिशेब वेगळा भरते. दोन्ही बेरजा जुळेपर्यंत बैठकीत पैसे वाटत नाहीत. सुरुवातीला बायका कुरकुरल्या. गेल्या बैठकीत घाई करणाऱ्या एकीला त्यांनीच अडवलं: "थांब बाई, दुसरीचं होऊ दे."