खराटा कुठे थांबवायचा

पुण्यात सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या बागा सांभाळायचं काम मी करते. लोक मला रोपांबद्दल विचारतात. गुलाबाला कळ्या का धरत नाहीत, मोगरा कधी छाटायचा, सोनचाफा कुंडीत जगेल का. मातीबद्दल सहसा कोणी विचारत नाही आणि झाडलोटीबद्दल तर कधीच नाही. पण बागेच्या मातीचं भलंबुरं सगळ्यात जास्त कशावर ठरत असेल, तर ते रोज सकाळी फिरणाऱ्या खराट्यावर, असं माझं आता ठाम मत झालं आहे. खत वर्षातून दोन-तीनदा पडतं, औषध कधीमधी मारलं जातं. खराटा मात्र रोजचा.

नारळाच्या हिरांचा खराटा फरशीवर उत्तम चालतो. मातीवर तो पानांबरोबर मातीही ओढून नेतो. पाचोळ्याचा ढीग उचलल्यावर जागेवर जे उरतं, ते एकदा चिमटीत घेऊन बघावं. काळसर, रवाळ, हाताला हलकी लागणारी माती असते ती. त्यात पानांच्या शिरांची नुसती उरलेली जाळी दिसते, बुरशीचे पांढरे धागे दिसतात आणि गांडुळांनी वर आणून टाकलेल्या बारीक गोळ्या दिसतात. आख्ख्या बागेतली सगळ्यात सकस माती ती हीच. ती सुपलीत भरली जाते आणि घंटागाडीत जाते. जुन्या बंगल्यांच्या आवारात कुंपणाच्या भिंतीकडे नीट पाहिलं, तर पूर्वी माती कुठवर होती त्याची रेघ दिसते. आजची जमीन तिच्याखाली चार बोटं तरी गेलेली असते. आंब्याची, गुलमोहराची मुळं उघडी पडलेली असतात. लोक म्हणतात, झाड म्हातारं झालं की मुळं वर येतात. बऱ्याच ठिकाणी मुळं जिथल्या तिथेच असतात, माती खाली गेलेली असते.

मग मे महिन्यात तांबड्या मातीचा ट्रक मागवला जातो. ती कुठल्या तरी टेकडीचा उतार खरवडून आणलेली असते. तिच्यात पाचोळा नसतो, गांडूळ नसतं, मुळांचा एक धागा नसतो. तिला जिवंत करायला शेणखत विकत घ्यायचं, निंबोळी पेंड विकत घ्यायची. जे वर्षभर गाडीत भरून बाहेर पाठवलं, तेच दुसऱ्या रूपात पैसे मोजून आत आणायचं.

पान गळण्याआधी झाड त्यातलं जमेल तेवढं माघारी घेतं. नत्र आणि स्फुरद साधारण निम्मं तरी खोडाफांद्यांत परत जातं. पान पिवळं पडतं ते यामुळेच. पण कॅल्शियम पानातच राहतं, उरलेलं नत्र-स्फुरद राहतं, आणि कर्ब तर जवळजवळ सगळाच. खोल गेलेल्या मुळांनी खालून उचललेलं हे सगळं पानावाटे वरच्या थराला मिळायचं असतं. पाचोळा उचलला की हा व्यवहार मधेच तुटतो. जमिनीतला सेंद्रिय कर्ब कमी झाला, अशी तक्रार शेतीच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. शहरातल्या अंगणांत तो आपण रोज झाडून काढतो आहोत, याकडे मात्र कोणाचं लक्ष नाही.

झाडलेल्या उघड्या जमिनीचं काय होतं, ते वळवाच्या पहिल्या सरीत दिसतं. टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हा मातीचा कण फोडतो. सुटलेली बारीक गाळवट माती आजूबाजूच्या छिद्रांत जाऊन बसते. ऊन पडलं की वर टणक पापुद्रा धरतो आणि पुढची सर त्यावरून घसरून गटारात जाते. आमच्याकडच्या काळ्या मातीत हे फार लवकर होतं, कारण तिची चिकण फुगते आणि फटी आणखीच बंद करते. मग आवारात पाणी साचतं, चिखल होतो, पोरं घसरतात. सभेत ठराव होतो की पेव्हर ब्लॉक टाकून घ्या. झाडांच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक येतात आणि आळ्यापुरती चार वीत जागा उरते. या साखळीतली पहिली कडी खराट्याची आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण पहिली आणि शेवटची कडी यांत दहा-बारा वर्षं गेलेली असतात. पाचोळ्याचा थर असता तर थेंब त्यावर फुटला असता आणि पाणी हळूहळू खाली झिरपलं असतं.

गांडुळांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यांच्या नावानं बराच धंदा चालतो. चार्ल्स डार्विनचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर होतं. ते 1881 मध्ये आलं. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याचा हिशेब होता. त्याने अनेक वर्षं धीरानं निरीक्षणं करून तो मांडला होता. आपल्याकडचं हवामान वेगळं, जाती वेगळ्या, पण काम तेच. आपल्या मातीत पूर्वापार राहणारं लॅम्पिटो मॉरिटी बिळं करून राहतं आणि माती वर-खाली करत राहतं. पिशवीत भरून विकलं जातं ते बहुधा आयसेनिया फेटिडा. ते मूळचं युरोपकडचं, कुजत्या ढिगात राहणारं. खड्ड्यातलं खत करायला ते उत्तम आहे, पण ते मातीत खोल बिळं करणारं नव्हे. बागेच्या तापलेल्या, मोकळ्या मातीत सोडलं तर जगत नाही. म्हणून ‘ताई, गांडुळं आणून सोडा ना’ असं कोणी म्हटलं की मी सांगते, विकत आणायची गरज नाही, ती इथेच आहेत. त्यांना सावली, ओल आणि खायला पान द्या. एका पावसाळ्यात ती वर येतात, ओल्या पाचोळ्याखाली सकाळी त्यांच्या गोळ्यांच्या राशी दिसतात.

माझ्याबरोबर काम करणारे मामा धाराशिवकडचे. ऊसतोडीला जाऊन आलेले. पाचोळा ठेवायची गोष्ट त्यांना पटवून द्यावी लागली नाही. ते म्हणाले, “ताई, आमच्याकडं आधी पाचट पेटवून द्यायचे. मग साहेब लोक येऊन सांगू लागले, पाचट सरीत दाबा. ज्यानं दाबलं त्याचं पाणी वाचलं.” उसाच्या खोडव्यात पाचटाचं आच्छादन करणं हे आता राज्यात बऱ्याच शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. शेतीतले प्रयोगकर्ते श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून हाच धडा कितीतरी आधी दिला होता. ऊन, पाणी आणि आपल्याच जागेतला काडीकचरा यांवर कुटुंबापुरतं अन्न पिकवता येतं, असं ते सांगत आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात त्यांनी ते मांडलं. शेतकऱ्याला जे कळलं, ते शहरातल्या अंगणात आणायला आपल्याला इतका वेळ लागावा, याचं मला खरंच दुःख होतं.

पाचोळा ठेवणं म्हणजे काहीच न करणं, असं नाही. ते एक काम आहे आणि त्यात हात बसावा लागतो. पर्जन्यवृक्षाची, गुलमोहराची बारीक पानं थेट पसरावीत, ती एका पावसाळ्यात मुरतात. आंबा, फणस, वड यांचं पान चिवट, ते पायाखाली चुरून किंवा कोयत्यानं तोडून घ्यावं. बदामाची आणि रबराची मोठी सपाट पानं एकावर एक चिकटून पत्र्यासारखी बसतात आणि पाणीच खाली जाऊ देत नाहीत. ती बारीक पानांत मिसळल्याशिवाय टाकू नयेत. थर वीतभर असला तरी चालतो, दोन पावसांत तो दबून तीन-चार बोटांवर येतो. खोडाला मात्र भिडवू नये. एक वीत जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल ओली राहून कुजते. आणि सुका पाचोळा मातीत पुरू नये, वरच अंथरावा. पुरला की तो कुजवणारे जीव मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. गुटख्याच्या पुड्या, प्लॅस्टिकचे तुकडे हातानं वेचावे लागतात. त्याला दुसरा उपाय नाही.

खराटा सगळीकडे थांबवायचा, असंही मी म्हणत नाही. आपल्या भागात घोणस आहे, मण्यार आहे, फुरसं आहे, विंचू आहेत. साप येईल ही भीती खोटी नाही आणि तिला हसण्यात अर्थ नाही. म्हणून दारापासून, जिन्यापासून, पार्किंगपासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून सहा-सात फूट जमीन मी लख्ख झाडून घेते. पायवाटा रोज झाडते. भिंतीला टेकून विटांचे, फांद्यांचे ढीग राहू देत नाही. पाचोळा राहतो तो झाडाच्या घेराखाली, आडबाजूला, कडेनं विटा लावून आखलेल्या जागेत. विटांची ती एक ओळ फार कामाची आहे. तिच्यामुळे बघणाऱ्याला कळतं की हे निष्काळजीपणानं राहिलेलं नाही, कोणीतरी ठरवून ठेवलेलं आहे. तक्रारी निम्म्यानं कमी होतात. डासांचंही तसंच. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीत आणि टाकून दिलेल्या डब्यात वाढतो. निचरा होणाऱ्या पाचोळ्यात त्याला लागेल तेवढं उभं पाणीच नसतं. पाचोळा जाळून ताटल्या भरलेल्या ठेवण्यात काय मिळतं?

जाळण्यावर तर कायद्याचीच बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि त्यासाठी पाच हजार रुपयांपासून दंड ठरवला. तरीही फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी कुठल्या ना कुठल्या गल्लीच्या तोंडाशी धूर असतोच.

पाचोळा राहिला की त्यामागून कोण येतं, हे पाहणं हा या कामातला माझा सगळ्यात मोठा आनंद. आधी सातभाई येतात. घोळक्यानं उतरतात, कलकलाट करत एकेक पान उलटतात आणि खालचे किडे टिपतात. मग दयाळ, जरा अंतर राखून. भारद्वाज दुपारी भिंतीच्या कडेनं चालत येतो आणि गोगलगायी खातो, पावसाळ्यात रोपं फस्त करणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायीसुद्धा. ज्या बागेत गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकतात, तिथे हा पक्षी जपून ठेवायचा की मारायचा, याचा विचार आधी करावा. वाळवीच्या औषधाचंही तेच. खोडावर मातीचं पांघरूण दिसलं की लोक घाबरून क्लोरपायरिफॉसचा फवारा मागतात. बहुतेक वेळा वाळवी वरची मेलेली साल खात असते. हातानं पांघरूण खरवडून काढावं आणि खालचं झाड बघावं. ते हिरवं असलं तर औषधाचं काम नाही. त्या औषधानं वाळवीबरोबर मातीतलं बाकीचं सगळंही मरतं.

थोडी जमीन मात्र उघडीही लागते. एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या जमिनीत बिळं करतात, आणि कुंभारीण माशीला घर बांधायला ओली माती लागते. एका बंगल्यात नळाखाली ओल असायची, तिथे मी तिला बराच वेळ पाहत बसले होते. ती तोंडानं चिखलाची इवलीशी गोळी वळायची, जबड्यात धरून खिडकीच्या चौकटीकडे जायची आणि थोड्या वेळानं पुन्हा त्याच जागी. म्हणून उन्हाची एक कड मी पाचोळ्याविना, पाणी न तुंबणारी, न तुडवलेली ठेवते.

लॉनबद्दल थोडक्यात सांगते. विकतच्या लॉनच्या लाद्यांना उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, आणि एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हा हिशेब कोणीही घरी करून पाहावा. मुलांना लोळायला छोटा तुकडा असू द्या. बाकी जागेत हरळी आपसूक येते, ती कमी पाण्यावर तग धरते आणि गणपतीला दूर्वा देते.

पावसाळ्यात उगवणाऱ्या तणांशी आमचं भांडण असतं, पण सगळ्यांशी नाही. गाजरगवत 1950च्या दशकात देशात पहिल्यांदा पुण्यातच नोंदलं गेलं. ते फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. टाकळा मात्र मी राहू देते. तो दाट वाढला की गाजरगवताला जागा देत नाही, त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि पिवळ्या पाकोळ्यांची एक जात त्यावर अंडी घालते. आघाडा, माका हेही राहतात. काही सोसायट्यांत मागच्या भिंतीलगतची पट्टी गणेश चतुर्थीपर्यंत कापायची नाही, एवढं मी कमिटीकडून कबूल करून घेतलं आहे. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आज्या नातवंडांना घेऊन पत्री गोळा करायला येतात. कढीपत्त्याची आणि लिंबाची पानं कुरतडलेली दिसली तरी फवारायचं नाही, हेही मी सांगून ठेवते. राणी पाकोळी, जिला 2015 मध्ये राज्याचं फुलपाखरू म्हणून मान मिळाला, तिच्या अळ्या लिंबूवर्गातल्या झाडांवरच वाढतात. चार पानं खाल्ल्यानं लिंबू मरत नाही.

माझ्याकडच्या एका मोठ्या सोसायटीत अजून सगळं आवार झाडलं जातं. तिथे पर्जन्यवृक्ष आहेत आणि दर वसंतात त्यांचा पाचोळा पोत्यांनी भरून बाहेर जातो. यंदा वार्षिक सभेत मला बोलायला वेळ दिला आहे. मी पूर्ण बाग मागणार नाही. दोन झाडांच्या घेराएवढी जागा, विटांची कड आणि एक पावसाळा, एवढंच मागणार आहे. सप्टेंबरमध्ये त्या जागेतली आणि शेजारच्या झाडलेल्या जागेतली माती दोन घमेल्यांत भरून कमिटीपुढे ठेवायची, दोन्हींवर एकेक तांब्या पाणी ओतायचं आणि मग पुढचं त्यांनी ठरवायचं.