मेमरी कार्डात मावलेला जपान

जानेफळात ॲनिमेच्या डीव्हीडी विकणारं दुकान कधीच नव्हतं. ‘होम व्हिडिओ’ हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. आमच्याकडच्या बाजाराचं नाव होतं ‘कार्ड भरून घेणं’. रिचार्जच्या दुकानात एक कॉम्प्युटर असायचा, आणि दुकानातला पोरगा विचारायचा, “काय भरू बे? गाणे, पिच्चर का कार्टून?”

कार्टून म्हणजे ड्रॅगन बॉल झी, नारुतो, पोकेमॉन. सगळं हिंदीत, टीव्हीवरून उतरवलेलं, कोपऱ्यात चॅनलचा लोगो. वीस रुपयांत दोन जीबीचं कार्ड गच्च. हा धंदा कायद्यात बसणारा नव्हता. पण कायद्यात बसणारा दुसरा कुठलाच आमच्यापर्यंत पोचत नव्हता. ॲनिमॅक्स वाहिनी २००४ साली भारतात आली आणि २०१७ मध्ये बंदही झाली. आमच्या केबलवर ती एकदाही दिसली नाही.

जपानात मात्र हा बाजार फार मोठा होता. १९८३ साली ‘डॅलोस’ ही मालिका टीव्ही आणि थिएटर दोन्ही टाळून थेट व्हिडिओवर विकायला आली. पुढे तर दोन भागांची एक डिस्क सहा-सात हजार येनला जायची. डिस्क किती खपल्या, यावर पुढचा सीझन निघणार की नाही हेही बऱ्याचदा ठरायचं. म्हणजे तिथला चाहता नुसता बघ्या नव्हता, खिशातून मालिका जगवणारा होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि आमच्याकडे कार्ड भरणारे हळूहळू दिसेनासे झाले. २०२० मध्ये जिब्ली स्टुडिओचे सिनेमे नेटफ्लिक्सवर आले. २०२२ मध्ये क्रंचीरोलनं भारतातला दर महिना ७९ रुपयांवर आणला. आता माझा मावसभाऊ सोयाबीनला पाणी देता देता ‘वन पीस’ बघतो, तेही जपानी आवाजात. हिंदी, तमिळ, तेलुगू डबही मिळतात. मराठी अजून मला सापडलेलं नाही.

हे सगळं चांगलंच झालं. चोरीची गरज संपली, चित्र स्वच्छ झालं. पण पैसे दर महिन्याला लागतात, आणि ज्या घरात पैसा सोयाबीन विकल्यावर एकदाच येतो, तिथे दर महिन्याची गोष्ट आधी बंद होते. रिचार्ज संपला की वन पीसही संपलं. कार्डाचं तसं नव्हतं. एकदा भरलं की आपलं. शिवाय ते या फोनमधून त्या फोनमध्ये फिरायचं, एसटीत, होस्टेलवर. कोणाकडे नारुतोचे पुढचे भाग आहेत, हे अख्ख्या वर्गाला माहीत असायचं.

पैसे मोजूनही वस्तू आपली होत नाही, हे अमेरिकेतल्या चाहत्यांनाही कळलंय. फ्युनिमेशनची सेवा २ एप्रिल २०२४ ला बंद झाली. डिस्कसोबतचा कोड टाकून ज्यांनी डिजिटल प्रती मिळवल्या होत्या, त्यांच्या त्या प्रती गेल्या. ज्यांनी डिस्क जपून ठेवली, त्यांच्याकडे निदान ती तरी राहिली.

म्हणून मावसभावाला मी एवढंच सांगतो: जी मालिका जिवापाड आवडते, तिची एखादी डिस्क, एखादं मांगा पैसे साठवून विकत घे. बाकी सगळं खुशाल भाड्यानं बघ. घरात एक तरी गोष्ट अशी असावी, जी रिचार्ज संपल्यावरही उघडता येते आणि मित्राच्या हातात देता येते.