अदृश्यांतून हिरवा प्रकाश

प्रकाश उतरतो, चढत नाहीं, असें आम्ही वर्गांत सांगतों, व तें बव्हंशीं खरें आहे. इ. स. १८५२ मध्यें स्टोक्स यांनीं दाखविलें कीं, प्रकाश शोषून पुन्हां प्रकाशणारा पदार्थ जो किरण परत देतो, तो अधिक लांब लहरीचा, म्हणून कमी शक्तीचा असतो. मधला वांटा उष्णतेंत जातो. सावकाराकडे गेलेलें धान्य कधीं पुरतें परत आलें आहे काय?

यंदां आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कांचेच्या कुपींत पांढरी पूड आणली. ती सोडियम, यिट्रियम व फ्लुओरिन यांची. तींत यिटर्बियम व अर्बियम हीं दुर्मिळ मृद्धातूंपैकीं दोन अल्प प्रमाणांत मिसळलेलीं. खोली अंधारी करून व सर्वांस संरक्षक चष्मे देऊन त्यानें तिच्यावर ९८० नॅनोमीटर लहरीचा किरण सोडला. हा किरण तांबड्याच्या पलीकडचा. डोळ्यांस दिसत नाहीं. कुपींत मात्र हिरवा ठिपका उजळला!

एक मुलगी उठून म्हणाली, "सर, शक्ति नवी निर्माण होत नाहीं, असें आपणच शिकविलें. मग ही वाढली कोठून?"

प्रश्न मुळावरचाच होता. यिटर्बियमचा अणु एक प्रकाशकण शोषून त्याची शक्ति शेजारच्या अर्बियमच्या हवालीं करतो. अर्बियम ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारास राखून ठेवतो. अणूंच्या व्यवहारांत हा काळ फार दीर्घ होय. तेवढ्यांत दुसरा वांटा येऊन पोंचला, कीं दोहोंची बेरीज होऊन सुमारें ५४० नॅनोमीटरचा एकच हिरवा प्रकाशकण बाहेर पडतो. दोन दिले, एक मिळाला, थोडी उष्णता झाली, जमाखर्च चोख. हें हस्तांतर फ्रान्सच्या ओझेल यांनीं इ. स. १९६६ मध्यें उलगडलें.

आम्हांस खरें मोल वाटलें तें फ्लुओराइडचें. साध्या कांचेंत अणूंचे कंप जोराचे. ते ही ठेव उधळून टाकतात. फ्लुओराइडचे कंप सौम्य, म्हणून ठेव टिकते. अभ्यासासही असेंच घर लागतें, हें पालकांस सांगणें नकोच.

पुडीचे दाणे अतिसूक्ष्म केले म्हणजे मात्र बरीच शक्ति पृष्ठभागावरच वायां जाते. तरीही असा अदृश्य किरण दृश्य प्रकाशाहून शरीरांत खोल शिरतो, म्हणून रोगनिदानासाठीं संशोधक या दाण्यांच्या मागें आहेत.

"आणि तीन प्रकाशकण जमले तर?" त्याच मुलीनें पुन्हां विचारलें. अर्बियमच्या जागीं थुलियम घातल्यास तिहींपासून निळा प्रकाश मिळतो, असें तो म्हणाला. ती कुपी त्यानें आणली नव्हती. पुढल्या खेपेस आणावी, असें मुलांनीं त्यास बजावलें आहे.