घाटमाथ्याला बॅटरी रिकामी

हायब्रिड गाडीला प्लग नाही. बॅटरीत येणारी वीज एक तर इंजिनाने पेट्रोल जाळून केलेली, नाहीतर वेग कमी करताना चाकांकडून परत मिळवलेली. पहिली विकतची, दुसरी फुकटची. ॲव्हरेज वाढवायचं म्हणजे दुसरीचा वाटा वाढवायचा. डॅशबोर्डवर हिरवं ‘ईव्ही’ पेटलं की पैसे वाचतायत असं वाटतं. पण ती वीज इंजिनानेच भरलेली असेल तर भरताना एकदा आणि वापरताना एकदा अशी दोनदा गळती झालेली असते. दिवा विझू नये म्हणून मुंगीच्या पावलाने जाणारे आणि मागे रांग लावणारे महाभाग आहेत. त्यांचं ॲव्हरेज काही फार वेगळं येत नाही.

*

दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरायचा. हिशेबापुरती उतरण पाचशे मीटर धरू, आणि माणसांसकट गाडी दीड टन. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा सुटते ती साधारण दोन युनिट. ही वीजबिलावरचीच युनिटं. आता टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड व्हिटारा घ्या. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडमधली बॅटरी 0.76 युनिटाची, म्हणजे पाऊणच्या आसपास. त्यातही गाडी तिला कधी पुरती भरू देत नाही की पुरती उतरू देत नाही. मधलाच पट्टा वापरते. म्हणून तर ती वर्षानुवर्षं टिकते. चाकांचं घर्षण, वारा, चार्जिंगमधली घट हे सगळं वजा केलं तरी अर्धा घाट उतरायच्या बराच आधी बॅटरीच्या पट्ट्या वरपर्यंत चढलेल्या असतात. त्यापुढची वीज ठेवायला जागाच नाही.

मग करायचं काय? जागा आधी करायची. ईव्ही बटणाचा खरा उपयोग मला या एकाच ठिकाणी पटतो: घाटमाथ्याआधीच्या सपाट पट्ट्यात, हळू चालवताना. माथ्यावर बॅटरी जितकी खाली, तितकी उतारावरची फुकटची वीज जास्त. दर पुरानंतर कोल्हापुरात धरणांबद्दल हेच म्हटलं जातं, की पावसाआधी जागा करून ठेवायला हवी होती.

*

आणि बॅटरी भरलीच तर? राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून 1428 क्युसेक. हायब्रिडनेही आपली सोय करून ठेवलेली असते. बॅटरीला जागा उरली नाही की जादा वीज वापरून मोटर इंजिनालाच गरगरा फिरवते. पेट्रोल बंद, इंजिन फिरतंय, गाडीला आवर बसतोय. आवाज मात्र असा, की शेजारी बसलेला दचकतो, “उताराला एवढी रेस कशाला?” रेस नाही, ते इंजिनाचं ब्रेकिंग आहे. गिअर ‘बी’वर टाकला की हेच जरा आधी आणि जरा जोरात होतं. लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून ‘बी’. सपाटीवर तो लावून ठेवण्यात काही मिळकत नाही.

*

घाटात न्यूट्रल मारून उतरायची या रस्त्यावरची जुनी खोड. वडापवाल्यांनी ती शिकवली आणि डिझेल महागलं तशी ती मुरली. साध्या गाडीतही ती धोक्याची. हायब्रिडमध्ये धोका आहेच, वर तोटाही: ‘एन’मध्ये बॅटरी चार्ज होत नाही. फुकटची वीज हातची जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

*

चढताना हिशेब उलटा. तेच दोन युनिट आता आपल्या खिशातून. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा फार तर चाळीस टक्के हिस्सा चाकापर्यंत पोचवतं असं धरलं, तर नुसती उंची चढायला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल जातं. हे कुणालाच चुकत नाही. फोंड्याहून वर येऊन माथ्यावर ॲव्हरेजचा आकडा बघू नये, उगाच जीव जळतो.

*

नोव्हेंबर उजाडला की हळदी-परिते पट्ट्यात ऊस. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी वाढं आणि स्पीकरवर छाती दणाणेल असं गाणं. ओव्हरटेकला जागा नाही. मागचे डिझेलवाले पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत धूर ओकतात. हायब्रिड मात्र अशा वेळी मजेत असते. चाल पंधराची, इंजिन बंद, गाडी मोटरवर. ट्रॅक्टर थांबला की आपण थांबलो, जाळायला काही नाही. गावात आणि गर्दीत ॲव्हरेज जास्त, मोकळ्या हायवेला कमी, हे इथल्या लोकांना सांगून पटत नाही. पण पुणे-बंगळूर रस्त्याला शंभरने पळवलं तर ब्रेक लागतच नाही, परत मिळवायला काही नाही, आणि वाऱ्याशी झुंज इंजिनानेच द्यायची. ऐंशीवर ठेवली तर खिशाला कळतं.

कंपनीने छापलेला लिटरमागे 27.97 किलोमीटर हा आकडा चाचणीतला. तो घरच्या रस्त्यावर शोधू नये.

*

बॅटरीला थंड ठेवायला एक छोटा पंखा असतो. तो केबिनमधलीच हवा मागच्या सीटपाशी असलेल्या जाळीतून ओढतो. ती जाळी कुठे आहे हे बहुतेक मालकांना ठाऊक नसतं, आणि आपल्याकडे गाडीच्या मागच्या भागात काय जातं ते आपल्याला ठाऊक आहे: भाताची पोती, गुळाचे रवे, ओली छत्री, कुत्रं. भावाने सुगीत गाडी नेली होती, ती परत आली आणि मागून घोंघों ऐकू यायला लागलं. जाळी काढून पाहिली. आतल्या फिल्टरवर तांबड्या मातीचा थर, त्यात रुतलेली भाताची तुसं, वर कुत्र्याच्या केसांचं जाळं, सगळं मिळून एक नमदा झालेला. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, एवढ्यावर काम झालं. पाण्याचा फवारा नको. पंख्याचा आवाज वाढला तर आधी जाळी बघायची, मग बाकीचं. आणि तिच्यासमोर पोतं टेकवायचं नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं.

*

यावरूनच एसीचं. एप्रिल-मेमध्ये पेट्रोल वाचवायला एसी बंद ठेवणारे आहेत. केबिन तापली की बॅटरीला मिळणारी हवाही तापलेलीच. उष्णता ही बॅटरीची खरी वैरीण, किलोमीटर नव्हेत. गाडी सावलीत लावावी, उन्हातून काढताना आधी काचा उघडून वाफ घालवावी, मग एसी.

*

लोक घाबरतात मोठ्या बॅटरीला, दगा देते छोटी. हायब्रिडमध्येही साधी बारा व्होल्टची बॅटरी असतेच. ती इंजिनाला धक्का देत नाही. गाडीतले संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचा मार्ग जोडून देते. तीच उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. मुंबईची मंडळी गणपतीला गावी येतात, गाडी अंगणात उभी, पोरं आत बसून गाणी लावतात, आणि निघायच्या दिवशी सगळं ठप्प. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा थोडं फिरवून आणावी. तेही नाही जमलं तर ‘रेडी’ करून अर्धा तास ठेवावी, मोकळ्या जागेत. नुसती ॲक्सेसरी चालू ठेवली तर ती भरत नाही, उलट उतरते.

शेजारी जीप बंद पडली की “जरा जंप द्या की” म्हणतो. नाही म्हणणं जिवावर येतं. पण डिझेलचा स्टार्टर ओढण्याइतकी ती बॅटरी नाही, हे सांगावंच लागतं.

*

टायरमधली हवा, सकाळी, गाडी थंड असताना. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आकडा लिहिलेला असतो. पंपावरचा पोरगा स्वतःच्या अंदाजाने भरतो, त्याला आकडा सांगावा.

*

जुलैत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात. “गुडघाभरच हाय, घाला” म्हणणारा एकजण प्रत्येक बंधाऱ्यावर उभा असतो. त्याच्या ट्रॅक्टरला ते ठीक. आपल्या गाडीची बॅटरी मागे, खाली. नारिंगी केबल जिथे दिसेल तिथे हाय व्होल्टेज. गाडीत पाणी शिरलं असेल तर चालू करून बघायची नाही, ओढून न्यायची. नारिंगी केबलला गावच्या वायरमननेही हात लावू नये, तो कितीही हुशार असला तरी. केबल कुरतडणारे उंदीर मात्र कुणाचं ऐकत नाहीत.

*

“माझी पण हायब्रिडच,” म्हणणाऱ्याची गाडी बहुधा माइल्ड असते. एर्टिगावरचं ‘स्मार्ट हायब्रिड’ इंजिनाला हातभार लावतं. नुसत्या मोटरवर गाडी पळवत नाही. वर लिहिलेलं बरंचसं तिला लागू नाही. टायरमधली हवा लागू आहे.

*

जगातली पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली हायब्रिड, टोयोटा प्रियस, डिसेंबर 1997 ला जपानात विकायला आली. टोयोटा किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली तीही 1997 लाच. किर्लोस्कर म्हणजे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे, लक्ष्मणरावांचे वंशज. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा या दोन्ही टोयोटा किर्लोस्करच्याच बिडदीच्या कारखान्यात बनतात. 25 नोव्हेंबर 2022 ला इनोव्हा हायक्रॉसचं अनावरण झालं आणि चारच दिवसांनी कंपनीचे उपाध्यक्ष विक्रम किर्लोस्कर गेले. हायक्रॉसमधली बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, प्रियसपासून चालत आलेल्या जातीची. जड, पण सोशिक.

*

“बॅटरी गेल्यावर?” हा प्रश्न विचारून माणूस उत्तराला थांबत नाही, त्याचं मनात ठरलेलं असतं. या गाड्यांना बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. सर्व्हिसचे कागद जपून ठेवा, कारण वॉरंटी मागायला गेल्यावर पहिल्यांदा तेच विचारतात. जुनी हायब्रिड घेताना मीटरपेक्षा जाळी बघावी असं माझं मत. मीटर खोटा असू शकतो, नमदा नाही.

*

हल्ली नवीन तक्रार: “ॲव्हरेज उतरलं.” 2025 मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानाने टाकीतली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटलेली. गाडीत बिघाड नाही. पंपावर हे समजावून सांगितलं तर एक पाव्हणा जाम चिडला, सरकारला चार शिव्या घातल्या, आणि मग घाईने निघाला; त्याच्या उसाला त्या दिवशी तोड आली होती.